सरांचं प्रमेय आणि आईची सुतळी

जपानचा माणूस म्हणजे बौद्ध, आणि बौद्ध म्हणजे त्याला वंदना तोंडपाठ असणारच, असं बिदरजवळच्या कमठाण्यात आमच्या गल्लीनं धरून टाकलं. त्यात माझाही हात होता, हे आधीच कबूल करते. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला विचारलं होतं, "तुझ्या सरांना त्रिशरण-पंचशील येतंय ना?" मी "येत असेल की" म्हणाले आणि विषय संपवला. तीन वर्षं जपानात राहून, त्या माणसाच्या हाताखाली गणितात पीएच.डी. करत असून, मला याचं खरं उत्तर माहीत असायला हवं होतं. पण तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

सर हैदराबादला एका परिषदेसाठी आले होते. मी महिनाभराच्या सुट्टीवर घरी आलेली. त्यांचा ईमेल आला की नकाशावर तुझं गाव इथून बोटाच्या पेराएवढंच लांब दिसतं, दोन दिवस येऊ का? मी 'या' असं कळवलं. नको कसं म्हणणार? पण मनातून मला ते यायला नको होते. माझ्या बॅगेत बारा पानं होती, आणि त्या बारा पानांत सरांचं आयुष्यभराचं प्रमेय चुकीचं असल्याचं मी दाखवलं होतं. अडीच महिने मी ती पानं त्यांच्यापासून लपवून ठेवली होती. मार्चमध्ये सर निवृत्त होणार होते. त्यांना सांगायचं की नाही, हे मला ठरवता येत नव्हतं.

'सर' हे माझं संबोधन. तिकडे सगळे त्यांना सेन्सेई म्हणायचे, मीही तोंडानं तसंच म्हणायची, पण मनात ते कायम सरच राहिले. त्यांचा जन्म समुद्रकाठच्या एका लहान गावातला. हिवाळाभर बर्फ पडणारं गाव. युद्ध संपून काही वर्षं झाली होती आणि घरात भातापेक्षा रताळी जास्त शिजत. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान बंदराला लागून होतं. दुकानासमोर कोळी जाळी सांधत बसायचे आणि हे पोरगं पंक्चरची बादली धरायची सोडून त्यांच्या बोटांकडे बघत बसायचं. त्यासाठी बापाचा मार खाल्ल्याचं सर हसत सांगायचे. पुढे शिष्यवृत्तीवर मोठ्या शहरात शिकले, आणि तिशीच्या आत गाठींच्या गणितात ते प्रमेय सिद्ध केलं. त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं. बाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, तो सगळा शोधनिबंध टाइपरायटरवर स्वतः टंकित केला होता, आकृत्यांची जागा मोकळी सोडून. मग सरांनी त्या आकृत्या शाईनं काढल्या. नंतर मोठमोठ्या विद्यापीठांतून बोलावणी आली, पण सर आपल्या मुलखातल्या मध्यम विद्यापीठातच राहिले. म्हातारी आई होती, बर्फ होता, बंदर होतं. "मी आयुष्यात एकच चांगली गोष्ट केली," असं ते त्या प्रमेयाबद्दल म्हणायचे. त्यात खोटा विनय नव्हता आणि गर्वही नव्हता.

गाठींचं गणित म्हणजे काय, हे मी पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा अण्णा म्हणाले होते, "गाठी सोडायला जपानला कामून जायलीस? तुझी आई सोडती की." अण्णा नौबादच्या एका कारखान्यात कामाला जात, त्यांचं म्हणणं थोडक्यात असे. खरं तर प्रश्न सोपा आहे. सुतळीला गाठ मारायची आणि मग तिची दोन्ही टोकं एकमेकांना जोडून टाकायची. आता टोक ओढून सोडवायची सोय राहिली नाही. न कापता ती नुसती हलवून, सरकवून साधं कडं होईल का? काही गुंते दिसायलाच गुंते असतात, हातात घेतले की मोकळे होतात. काही जन्मात सुटत नाहीत. नुसतं बघून हे कळत नाही. सरांनी एका जातीच्या गाठींसाठी एक हिशेब शोधला होता. गाठीच्या चित्रावरून एक संख्या काढायची, आणि ती शून्य आली तर ती गाठ सुटणारच. पस्तीसेक वर्षं जगभरातली माणसं हे प्रमेय वापरत होती. सरांच्या दोन विद्यार्थ्यांचे प्रबंध त्याच्यावरच उभे होते. तिसरा माझा व्हायचा होता.

मला सरांनी घेतलं, याचं मला अजून नवल वाटतं. बिदरच्या कॉलेजातून एम.एस्सी. केल्यावर मी अकरा प्राध्यापकांना ईमेल केले होते. इंग्रजी यथातथाच, शिफारस द्यायला कुणी मोठं माणूस नाही. दहा जणांकडून काहीच आलं नाही. अकराव्याचं उत्तर आलं, त्यात एक गणित होतं आणि खाली एक ओळ, की हे सोडवून पाठव, घाई नाही. मला ते सोडवायला वीस दिवस लागले. अण्णांनी त्या ईमेलची छापील प्रत काढून भिंतीला लावली होती, जपानहून आलेलं पत्र म्हणून. त्यातलं त्यांना अक्षर कळत नव्हतं.

तिकडे दर बुधवारी सेमिनार असे, दुपारी एकपासून पाचपर्यंत. एकानं फळ्यापाशी उभं राहायचं आणि पुस्तकातला भाग समजावून द्यायचा. अट एकच, हातात कागद नको. वही नाही, चिठ्ठी नाही. "कागदावर बघून बोललीस तर कागदाला समजलंय एवढंच कळतं," सर म्हणायचे. अडखळलं की सर म्हणत, "मो इचिदो." म्हणजे पुन्हा एकदा. रागावत नसत, आवाजही चढवत नसत. पुन्हा पहिल्यापासून. एक पान पुरं करायला मला पहिल्या सत्रात तीन बुधवार लागले. तिसऱ्या बुधवारी मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. परत आले तर माझ्या जागेवर गरम चहाचा कप होता आणि सर खिडकीतून बाहेर बघत होते. त्या बुधवारांची आठवण आली की आजही जीव कासावीस होतो, इतकं ते माझं झालं होतं. तो खडूचा वास, ती तेलाची शेगडी, काचेबाहेरचा बर्फ. पोटात ज्वारीच्या भाकरीची आठवण असायची, पण डोकं इतकं सुखात पुन्हा कधी नव्हतं.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी मी माझ्या प्रबंधासाठी उदाहरणं काढत होते. एका गाठीची संख्या शून्य आली. म्हणजे ती सुटायला हवी. मी कागदावर सोडवू लागले, सुटेना. चपलेची लेस काढून तशी गाठ केली, सुटेना. म्हटलं, आपलंच चुकतंय. आठवडाभर तपासलं. मग सरांचा मूळ शोधनिबंध काढून ओळ न् ओळ वाचला. चौथ्या पानावर सरांनी दोन शक्यता घेतल्या होत्या. पहिली पूर्ण सोडवली होती, आणि दुसरीबद्दल लिहिलं होतं की ती याच रीतीनं होते. ती त्या रीतीनं होत नव्हती. पस्तीस वर्षं ती ओळ सगळ्यांनी वाचली आणि सगळे पुढे गेले. मीही तीन वर्षांत कितीदा तरी पुढे गेले होते.

त्यानंतर मी मिठाची गुळणी धरून बसले. आमच्या घरी लहानपणापासून शिकवलेलं असं की कुणी मोठ्यानं सांगितलं म्हणून मानायचं नाही, स्वतः पारखून घ्यायचं. अण्णांचं हे रोजचं वाक्य. पण ते वाक्य देवाधर्माच्या बाबतीत सोपं जातं. ज्या एका माणसानं आपल्याला दार उघडलं त्याच्याच घराची तुळई पोकळ आहे असं त्याला जाऊन सांगायचं, तेही तो घराबाहेर पडायला पाच महिने उरले असताना? खाल्ल्या घरचे वासे मोजणारी, असं लोक म्हणतील, या भीतीनं मी गप्प राहिले. शिवाय सरांच्या गौरवासाठी एक ग्रंथ निघायचा होता आणि त्यात त्या प्रमेयावर सरांचाच मोठा लेख होता. मी दर बुधवारी सेमिनारला जायची, चहा प्यायची आणि खोली गाठायची. घरी आले तर आई म्हणाली, "भाकर न्हाई मिळत तिकडं, म्हणून तोंड उतरलंय." मी म्हटलं, व्हय.

सर आले तो येळवशीचा दुसरा दिवस होता. आमच्या भागात येळवस म्हणजे मोठा सण. सगळं गाव शेतात जाऊन जेवतं. शेजारचे अप्पा, गळ्यात लिंग असलेले, घरात कानडी आणि गल्लीत मराठी बोलणारे, त्यांनी सकाळीच आमच्याकडे आंबिलीचं मडकं आणि ओल्या शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीची पातेली पाठवली होती. पाव्हणा जपानचा आहे, त्याला आमच्या शेतातलं चाखू दे, असा निरोप. सर टॅक्सीतून उतरले आणि अण्णांसमोर कमरेत वाकले. अण्णांनी हात जोडून मान लववली. सर आणखी वाकले. अण्णाही आणखी वाकले. हे कुठपर्यंत गेलं असतं सांगता येत नाही, पण आई म्हणाली, "पुरं करा की. आत घ्या त्यांना."

अकरा वाजता विहारात जायचं ठरलेलं. मला वाटलं होतं चार माणसं असतील. गल्लीच काय, कमठाण्याच्या दुसऱ्या टोकाचीही माणसं पांढऱ्या कपड्यांत येऊन बसली होती. विहाराचा कारभार बघणारे काका उभे राहिले आणि म्हणाले, "बुद्धाच्या देशातून आलेले सर आता आपल्याला वंदना देतील." सगळ्यांनी हात जोडले. सरांनीही जोडले, आणि हसऱ्या चेहऱ्यानं माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "आता काय असतं?"

मी सांगितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "मला येत नाही," ते म्हणाले. "आमच्याकडे कुणी वारलं की भिक्षू येतो आणि तोच सगळं म्हणतो. आम्ही पायाला मुंग्या येईपर्यंत नुसते बसतो." हे मला शंभरेक माणसांना मराठीत सांगावं लागलं. मुंग्यांचं मी गाळलं.

काकांना ते पटेना. "येत न्हाई म्हंजे? जपान बौद्ध हाय ना?"

मागून कुणीतरी म्हणालं, "बुद्ध तिकडं इथनंच गेला की."

 अण्णा मान खाली घालून बसले होते. 'येत असेल की' हे कुणी म्हटलं होतं ते त्यांना चांगलं आठवत होतं. दारापाशी उभे असलेले शेजारचे अप्पा शेवटी म्हणाले, "मग शिकवा की त्यांना. त्यात काय इतकं?"

मी हे सरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "इथं सगळ्यात चांगलं कुणाला येतं?" मी विचारायच्या आत चार-पाच जणांनी आईकडे बोट केलं. माझ्या आईला वाचता येत नाही. लहानपणी तिच्या बापानं तिच्याकडून म्हणवून घेतलं तसंच तिच्या तोंडात बसलंय, आणि आजवर तिची एक मात्रा इकडची तिकडे झालेली कुणी ऐकली नाही. ती पुढे येऊन बसली. सरांनी माझ्याकडे वही-पेन मागितलं. आईनं हात आडवा केला. "वही नको म्हणावं. माझ्या मागं म्हणा."

मी ते भाषांतर करून सांगितलं आणि सरांचा चेहरा खुलला. बुधवारी एखाद्याला नेमकं उत्तर सापडलं की खुलायचा, तसा.

त्यांनी सुरुवात केली. शरण जाण्याची ओळ तीनदा म्हणायची असते, दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा आधी वेगळा शब्द लावून. सर पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर गेले. आईनं बोट वर केलं. "थांबा. मधलं राह्यलं. पुन्यांदा." मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. ज्याच्याशी बोलण्याआधी मी वाक्य मनात तीनदा जुळवून बघते त्या माणसाला आई शंभर लोकांसमोर बोट वर करून थांबवत होती. सर पहिल्यापासून म्हणू लागले. पुन्हा तिथंच गडबडले. "थांबा." पुन्हा पहिल्यापासून. बायका पदराआड हसत होत्या, आणि सर घाम पुसत, मन लावून, शाळकरी पोरासारखे म्हणत होते. चौथ्यांदा न अडखळता झालं. विहारातल्या सगळ्यांनी मिळून तीनदा 'साधू' म्हटलं. अण्णांपुढे वाकले होते त्याहून खाली सर आईपुढे वाकले.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. थांबवल्याचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं. उलट ते खूश होते. अडीच महिने मी ज्याला सांभाळत होते तो कुणी दुसराच माणूस होता, मीच मनात तयार केलेला. मला स्वतःचा राग आला, आणि विहाराच्या पायरीवर चपला घालताना मी ठरवून टाकलं की आजच सांगायचं.

पण लगेच नाही. रिकाम्या पोटी कुणाला वाईट बातमी सांगायची नाही, ही आमच्या घरची रीत आहे. सर जेवले. कडक भाकरी मोडताना त्यांना मजा वाटली, भज्जी दोनदा घेतली, आंबील तिसऱ्यांदा मागितली. आईचं मन भरलं. मग मी म्हणाले, "सेन्सेई, चौथ्या पानावर चूक आहे."

"कुठल्या चौथ्या पानावर?"

"तुमच्या."

त्यांनी वाटी खाली ठेवली.  मग विचारलं, "फळा आहे का?"

फळा नव्हता. पण आमच्या घराला सगळीकडे शहाबादी फरशी आहे. त्या काळ्या-करड्या फरशीवरच आम्ही भावंडं बाराखडी आणि पाढे शिकलो. अण्णांनी अप्पांच्या दुकानातून खडूची पेटी आणली. मी बॅगेतली पानं काढायला उठले तर सर म्हणाले, "कागद नको."

मी फरशीवर बसून ती गाठ काढली. मग संख्या काढून दाखवली. शून्य. सर उकिडवे बसून बघत होते. त्यांनी सुतळी मागितली. आईनं पोतं शिवायच्या सुतळीचा तुकडा दिला, मी तशी गाठ करून टोकं जोडली. सरांनी ती दोन मिनिटं बोटांत फिरवली. अण्णा मला म्हणाले, "त्यांना सांग, हिच्याकडं द्या. ही सोडती." मी सांगितलं आणि सरांनी खरंच ती सुतळी आईच्या हातात दिली. आई चुलीपाशी जाऊन तिच्या मागं लागली.

फरशी पुरेना म्हणून आम्ही उंबऱ्याकडे सरकत गेलो. ही गाठ का सुटू शकत नाही ते मी पायरीपायरीनं मांडलं. सर दोन ठिकाणी "पुन्हा" म्हणाले आणि मी पुन्हा सांगितलं. शेवटी चौथ्या पानावरची ती दुसरी शक्यता आली. सरांनी खडू घेतला, एक ओळ लिहिली, तळव्यानं पुसली. दुसरी लिहिली, तीही पुसली. असं चार-पाच वेळा झालं. अण्णांना भाषा कळत नव्हती, पण ते उठून बाहेर जाऊन बसले.

चुलीपाशी आई म्हणाली, "न्हाई सुटत ही. कापावी लागंल."

सरांनी विचारलं, काय म्हणाली? मला सांगवेना. त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा सांगितलं. ते किंचित हसले. चष्मा काढून पुसू लागले, पण हाताला खडू होता म्हणून काचा आणखी पांढऱ्या झाल्या. "हो," ते म्हणाले. "नाही सुटत."

मग त्यांनी विचारलं, "तुला हे कधी कळलं?"

"ऑक्टोबरात."

त्यांनी बोटांवर महिने मोजले. मी त्यांना पहिल्यांदा रागावलेलं पाहिलं. आवाज तोच होता, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. "चूक माझी आहे. त्याला काही इलाज नाही," ते म्हणाले. "पण या सत्रात मी सात नव्या मुलांना हे प्रमेय शिकवलं. तू शेवटच्या बाकावर बसलेली होतीस. अडीच महिने तू मला खोटं शिकवू दिलंस."

 आदरापोटी गप्प बसले, असं म्हणायचं होतं, पण ते म्हणायचीही लाज वाटली. आई चहा घेऊन आली, आमची तोंडं बघून चहा ठेवून गेली.

सर बिदरच्या लॉजवर मुक्कामाला गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच परत आले, सगळं उतरवून घ्यायला. तोवर आईनं सवयीप्रमाणे फरशी धुऊन पुसून लख्ख केली होती. तिला कळलं तेव्हा ती हातातली बादली तशीच धरून उभी राहिली. "माय, काय केलं म्या हे," एवढंच म्हणत होती. सर म्हणाले, काही बिघडलं नाही. खाली बसले आणि माझी सगळी सिद्धता पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांनी स्वतः फरशीवर मांडली, कागदाशिवाय, आणि एके ठिकाणी माझ्याहून सोपी. आदल्या दिवशीचा राग उतरला होता. जाताना त्यांनी आईला तिची ती वंदना एकदा म्हणून दाखवली. एकदाही थांबावं लागलं नाही.

परत गेल्यावर आठवड्याच्या आत त्यांनी ज्या नियतकालिकात ते प्रमेय छापलं होतं त्याला पत्र लिहिलं. ज्या दोन विद्यार्थ्यांचे प्रबंध त्यावर उभे होते त्यांना स्वतः फोन केले.  गौरवग्रंथाच्या संपादकांनी सुचवलं की ग्रंथ निघू द्या, मग बघू. सरांनी आपला लेख काढून घेतला. त्याच्या जागी दोन पानांची कबुली दिली आणि खाली माझं नाव लिहिलं.

मार्चमध्ये त्यांचं निरोपाचं व्याख्यान झालं. तिकडची पद्धतच आहे, निवृत्त होणाऱ्यानं आपलं आयुष्य आणि काम तासाभरात सांगायचं. सभागृह भरलं होतं. सर कागदाशिवाय बोलले. सायकलचं दुकान सांगितलं, रताळी, कोळ्यांची जाळी, शिष्यवृत्ती, ते प्रमेय. मग फळ्याकडे वळून माझी गाठ काढली आणि तिच्याखाली जपानी अक्षरांत 'कमठाणा' असं लिहिलं. ही गाठ या गावातून आली, म्हणाले. माझ्या गावाचं नाव तिथल्या फळ्यावर बघून मी रडले, अभिमानानं, दुसऱ्या कशानं नाही. पुढे माझा प्रबंध झाला, मी परत आले, गुलबर्ग्यात नोकरीला लागले. सर अजून आहेत. रोज सकाळी ते चौथं पान घेऊन बसतात असं ईमेलमध्ये कळवतात, आणि जमलं नाही असंही कळवतात. विद्यार्थ्यांना मी ही गोष्ट इथपर्यंत सांगते. पुढचं सांगत नाही.

व्याख्यानानंतर चहा होता. बाई माझ्याजवळ आल्या. त्या फार बोलत नसत. तीन वर्षांत नवीन वर्षाच्या जेवणांना आमच्यात झालेली वाक्यं मोजता आली असती. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "तू योग्य तेच केलंस. तुझे सर बरे आहेत, असं सगळ्यांना वाटतंय. जानेवारीपासून ते पहाटे उठून बसतात. मी विचारते, तर म्हणतात, पस्तीस वर्षं." माझा हात त्यांनी सोडला नव्हता. "एक वर्ष थांबली असतीस, तर हा माणूस सुखानं घरी आला असता. तुझ्याकडे मी एवढंच मागितलं असतं."

मी वाकले. आणखी काय करणार होते? सरांच्या दृष्टीनं मी अडीच महिने उशीर केला होता आणि बाईंच्या दृष्टीनं वर्षभराची घाई. दोघंही माझ्यावर माया करत होती आणि दोघांचंही खरं होतं.

दुसऱ्या दिवशी मी घरी फोन करून आईला सगळं सांगितलं. मला वाटलं, आई माझी बाजू घेईल. सरांना शंभर माणसांत तीनदा थांबवणारी बाई ती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "त्या बाईचं खरं हाय, पोरी. तुझ्या अण्णाला कुणी असं सांगाय आलं असतं, तर म्या त्याला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नसतं."